दिवा का लागत नाही?
वाहनांच्या वायरिंगमधील दोष आणि त्यांचा शोध

दिवाळीच्या सुमारास उसाचा गाळप हंगाम सुरू झाला म्हणजे बेळगाव, चिक्कोडी, हुक्केरी, अथणी या तालुक्यांतील रस्त्यांवर रात्रंदिवस ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. गोव्याकडे उतरणाऱ्या चोर्ला आणि अनमोड या घाटांत तर मालवाहू गाड्यांची वर्दळ हंगामापुरती नसते. दिवसा ही वाहतूक डोळ्यांना दिसते. अंधार पडल्यावर मात्र समोर काय आहे हे ज्याच्या त्याच्या दिव्यांवरूनच ओळखावे लागते. अशा वेळी मागचा दिवा बंद असलेली ट्रॉली म्हणजे रस्त्यात उभी केलेली भिंतच होय.

पुढचा दिवा चालकाला वाट दाखवितो. तो बंद पडला की लगेच ध्यानात येते आणि दुरुस्तही होते. मागचा तांबडा दिवा चालकाला दिसत नाही. तो मागून येणाऱ्या परक्या माणसासाठी असतो. त्यामुळे तो बंद पडून महिना लोटला तरी मालकाला पत्ता नसतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर तोडते. समोर काही आहे हे उमगून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक-दीड सेकंद सहज जातो आणि त्यानंतर गाडी थांबावयास कोरड्या रस्त्यावरही आणखी पंधरा-वीस मीटर लागतात. म्हणजे ३० ते ४० मीटर आधी ट्रॉली दिसली नाही, तर चालक कितीही सावध असला तरी टक्कर टळणे कठीण.

वस्तुतः दिवा बंद असण्याचे कारण पुष्कळदा अगदी किरकोळ असते. मात्र ते शोधण्याची रीत ठाऊक नसल्याने बल्ब बदलून पाहणे, तारा ओढून पाहणे, फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा घालणे असे उपाय केले जातात. त्यांतून मूळ दोष तसाच राहतो आणि कधीकधी वाहनच पेट घेते. दोष शोधणे हे अंदाजाचे काम नसून क्रमाचे काम आहे. हा क्रम समजून घेतल्यास खेड्यातील वाहनमालकालाही बहुतेक दोष स्वतः ओळखता येतील, आणि जे ओळखता येणार नाहीत ते कारागिराला नेमकेपणाने सांगता येतील.

वीज निघते तशी परत यावी लागते

विहिरीवरील पंपाने पाणी उपसून पाटात सोडले की ते शेतात मुरते. ते पुन्हा विहिरीत येण्याची गरज नसते. विजेचे तसे नाही. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेला प्रवाह ऋण टोकाला परत पोहोचला, तरच दिवा लागतो. ही फेरी कोठेही तुटली तरी दिवा विझतो.

या फेरीतील टप्पे सामान्यतः ठरलेले असतात. बॅटरीच्या धन टोकापासून मुख्य तार फ्यूजपेटीकडे येते. फ्यूजमधून प्रवाह खटक्याकडे जातो; काही वाहनांत खटका आधी आणि फ्यूज नंतर असतो. तेथून तारेने तो वाहनाच्या टोकापर्यंत जाऊन होल्डरमार्गे बल्बमध्ये शिरतो. येथपर्यंतची वाट तारेची असते. परतीसाठी मात्र पुष्कळ ठिकाणी बॅटरीपर्यंत निराळी तार टाकलेली नसते. बल्बचे धातूचे टोपण, होल्डर, वाहनाचा सांगाडा आणि शेवटी सांगाड्यापासून बॅटरीच्या ऋण टोकाला गेलेली जाड पट्टी, अशी ती परतीची वाट असते. कारागीर हिला ‘अर्थ’ किंवा ‘बॉडी’ म्हणतात. जाणारी वाट लोक तपासतात आणि येणारी विसरतात. दिव्यांचे निम्मे गूढ येथेच दडलेले असते.

दुचाकी, मोटारगाड्या व ट्रॅक्टर यांत सामान्यतः १२ व्होल्टची, तर मोठे ट्रक व बस यांत २४ व्होल्टची योजना असते. ट्रकच्या दुकानातून आणलेला २४ व्होल्टचा बल्ब ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसविला, तर तो मिणमिणतो. १२ व्होल्टचा बल्ब ट्रकमध्ये लावला, तर तो तत्काळ जातो. म्हणून बल्ब घेताना टोपणावरील आकडे वाचून घ्यावेत.

फ्यूज म्हणजे पहारेकरी

फ्यूज, ज्याला मराठीत वितळतार असे नाव आहे, ही मुद्दाम दुबळी ठेवलेली कडी होय. ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह वाहू लागला की ती वितळते आणि पुढची तार जळण्यापासून वाचते. फ्यूज किती अँपिअरचा असावा, हे साध्या भागाकाराने समजते. बल्बच्या वॅटांना व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. पुढच्या हॅलोजन बल्बवर १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट असे लिहिलेले असते. डिपरचे दोन बल्ब मिळून ११० वॅट होतात. त्यास १२ ने भागले असता सुमारे ९ अँपिअर येतात. दोन्ही बल्बांना मिळून एकच फ्यूज असेल, तर तो १५ अँपिअरचा असणे सयुक्तिक ठरते. मागचा दिवा बहुधा ५ वॅटचा आणि ब्रेकचा २१ वॅटचा असतो. ट्रॅक्टरचे दोन व ट्रॉलीचे दोन असे ब्रेकचे चार बल्ब लागले म्हणजे ८४ वॅट, अर्थात ७ अँपिअर होतात.

आजच्या बहुतेक वाहनांत पात्यासारखे चपटे फ्यूज असतात. त्यांचे रंग ठरलेले आहेत : ५ अँपिअरला बदामी, ७.५ ला तपकिरी, १० ला तांबडा, १५ ला निळा, २० ला पिवळा, २५ ला पारदर्शक आणि ३० ला हिरवा. जुन्या वाहनांतील चिनीमातीच्या लांबट फ्यूजांचे रंग याहून वेगळे असतात : ५ ला पिवळा, ८ ला पांढरा, १६ ला तांबडा आणि २५ ला निळा. म्हणजे निळा फ्यूज एका प्रकारात १५ अँपिअरचा, तर दुसऱ्यात २५ चा असतो. यास्तव केवळ रंगावर न जाता आकडा वाचावा. कोणत्या जागी किती अँपिअरचा फ्यूज हवा, हे फ्यूजपेटीच्या झाकणावर किंवा वाहनाच्या पुस्तिकेत दिलेले असते.

फ्यूज उडाला म्हणजे एकदा, आणि एकदाच, त्याच आकड्याचा नवा फ्यूज घालून पाहावा. तोही उडाला तर पुढे दोष आहे असे निश्चित समजावे. अशा वेळी तांब्याची तार, खिळा किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद घालणे अत्यंत धोक्याचे असते. गाडीला सेल मारताना बॅटरी शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह देते. तेवढाच प्रवाह उघड्या पडलेल्या बारीक तारेतून वाहू लागला, तर तिचे आवरण क्षणात वितळते आणि शेजारच्या तारांसह पेट घेते. मोठ्या आकड्याचा फ्यूज घालणे हा त्याच चुकीचा सभ्य प्रकार होय. पहारेकरी वारंवार ओरडत असेल, तर त्याचे तोंड न बांधता चोर शोधावा.

शोधासाठी लागणारी साधने

महागड्या साधनांची आवश्यकता नाही. १२ व्होल्टचा एक छोटा बल्ब, त्याला दोन तारा, एका तारेच्या टोकाला चिमटा आणि दुसऱ्या टोकाला टोकदार सळई, एवढे असले की चाचणी दिवा तयार होतो. तो बाजारातही तयार मिळतो. याशिवाय पेचकस, पक्कड, काचकागद, चिकटपट्टी आणि योग्य आकड्यांचे जादा फ्यूज व बल्ब गाडीत असावेत. शक्य असल्यास एक साधा मल्टिमीटर घ्यावा. तो व्होल्ट मोजून दाखवितो.

कामाला हात घालण्यापूर्वी हातातील अंगठी व धातूचे कडे काढून ठेवावे. बॅटरी सोडवावयाची झाल्यास ऋण टोक प्रथम सोडावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. तसे केल्याने धन टोक सोडताना पान्हा सांगाड्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. म्हणून तेथे बिडी, काडी किंवा ठिणगी वर्ज्य. बॅटरीतील आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडाल्यास भरपूर पाण्याने बराच वेळ धुवावे आणि डोळ्यांच्या बाबतीत विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

पहिला प्रश्न : एक दिवा बंद की अनेक?

एखादी तार सोडण्यापूर्वी सर्व दिवे क्रमाने लावून पाहावेत आणि कोणते लागतात व कोणते लागत नाहीत, हे कागदावर लिहावे. एवढ्यानेच अर्धा शोध लागतो.

सर्वच दिवे मंद किंवा बंद असतील आणि सेलही लागत नसेल, तर दोष बॅटरीत, तिच्या टोकांवर किंवा मुख्य पट्टीत असतो. एका गटाचे सर्व दिवे, उदाहरणार्थ मागचे दोन्ही तांबडे दिवे आणि नंबरपाटीचा दिवा, एकदम बंद झाले असतील, तर त्यांची सामाईक वाट पाहावी. अर्थात फ्यूज, खटका आणि त्यांमधील तार. एकच दिवा बंद असेल, तर प्रथम त्याचा बल्ब, होल्डर आणि त्याच्या जवळची अर्थ तपासावी. काही वाहनांत डाव्या व उजव्या दिव्यांना स्वतंत्र फ्यूज असतात. तेथे एकच दिवा बंद असला तरी फ्यूज पाहणे इष्ट. पुढचे दोन्ही दिवे बंद असल्यास दोन्ही बल्ब गेलेले असणेही शक्य असते, कारण पहिला केव्हा गेला हे पुष्कळदा लक्षात आलेले नसते.

१ एप्रिल २०१७ पासून नव्याने तयार होणाऱ्या दुचाकींत इंजिन सुरू होताच पुढचा दिवा आपोआप लागण्याची सोय बंधनकारक झाली. अशा गाडीचा दिवा इंजिन चालू असूनही लागत नसेल, तर तो दोषच समजावा.

चाचणी दिव्याचा क्रम

बल्ब काढून त्याची तार पाहावी. ती तुटली असेल किंवा काच आतून काळी पडली असेल, तर बल्ब बदलावा. हॅलोजन बल्बच्या काचेला बोटे लावू नयेत. बोटांचे तेल काचेवर राहिल्यास तो भाग अधिक तापून बल्ब लवकर निकामी होतो. मागच्या दिव्यात एकाच बल्बमध्ये दोन तारा असल्या, म्हणजे ५ वॅटची रात्रीची आणि २१ वॅटची ब्रेकची, तर बल्बच्या दोन टाचण्या वरखाली असतात. तो जबरदस्तीने उलटा बसविल्यास रात्रीचा दिवा प्रखर आणि ब्रेकचा मंद लागतो. ब्रेक दाबल्याचे मागच्याला मग कळतच नाही.

बल्ब चांगला असेल तर फ्यूजकडे जावे. चाचणी दिव्याचा चिमटा सांगाड्याच्या रंग खरवडलेल्या, स्वच्छ भागाला लावावा. संशय असल्यास थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावावा. मग संबंधित खटका सुरू करून सळई फ्यूजच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने टेकवावी. दोन्हीकडे दिवा लागला, तर फ्यूज ठीक आहे. एकाच बाजूला लागला, तर फ्यूज उडालेला आहे. कोणत्याच बाजूला लागला नाही, तर वीज फ्यूजपर्यंतच येत नाही. दोष मागे, किल्लीकडे किंवा मुख्य तारेत आहे.

फ्यूज ठीक असल्यास सळई खटक्याच्या येणाऱ्या व जाणाऱ्या टोकांवर, नंतर वाटेतील प्रत्येक जोडावर आणि शेवटी होल्डरमधील टोकावर लावत जावे. जेथे दिवा लागला ते शेवटचे ठिकाण आणि जेथे लागला नाही ते पहिले ठिकाण, या दोहोंच्या मध्ये दोष असतो. पाटाचे पाणी कोठे फुटले हे शोधताना शेतकरी पाटाच्या काठाने चालत जातो, तसाच हा प्रकार होय.

परतीच्या वाटेचे दोष

होल्डरपर्यंत वीज पोहोचते, बल्बही चांगला आहे, तरी दिवा लागत नाही किंवा मिणमिणतो, असे आढळल्यास दोष अर्थमध्ये आहे. पितळी भांड्याची कल्हई गेल्यावर त्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे घरोघरी ठाऊक आहे. दमट हवा, पावसाचे पाणी आणि किनाऱ्यालगतची खारी हवा यांमुळे दिव्याच्या पितळी होल्डरवर व तांब्याच्या तारांवरही हिरवट कळंक चढतो, तर सांगाड्याच्या लोखंडावर गंज चढतो. कळंक आणि गंज हे दोन्ही विजेला अडवितात. गोव्यात व घाटमाथ्यावर पावसाळ्याचे चार महिने गेले की मागच्या दिव्यांच्या तक्रारी वाढतात, त्या यामुळेच.

अर्थच्या दोषाची एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. ब्रेक दाबला असता त्याच डब्यातील इंडिकेटरही मंद उजळत असेल, किंवा इंडिकेटर लावल्यावर मागचा तांबडा दिवा त्याच ठेक्यात लुकलुकत असेल, तर त्या डब्याची अर्थ सुटलेली आहे असे बहुधा समजावे. परतीची सरळ वाट बंद झाल्याने वीज शेजारच्या बल्बमधून आडवाटेने परतत असते. अशा वेळी बल्ब बदलण्यात पैसे घालवू नयेत.

चाचणीसाठी चिमटा बॅटरीच्या धन टोकाला लावून सळई होल्डरच्या बाहेरील धातूला टेकवावी. चाचणी दिवा लागला नाही तर अर्थ तुटलेली आहे. तो लागला तरी अर्थ पूर्ण चांगली आहे असे मात्र ठरत नाही, कारण चाचणी दिव्याला फार थोडा प्रवाह पुरतो. म्हणून मल्टिमीटर असल्यास दिवा लावलेला ठेवून होल्डरचा धातू आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधील व्होल्ट मोजावेत. हा आकडा शून्याच्या जवळ असावा. अर्धा व्होल्ट किंवा अधिक आल्यास जोड साफ करणे आवश्यक आहे. जोड सोडून, काचकागदाने घासून, घट्ट आवळून त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ लेप द्यावा.

मंद उजेडाकडे दुर्लक्ष करू नये. साध्या तारेच्या बल्बला मिळणारे व्होल्ट १० टक्क्यांनी घटले की उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. याउलट व्होल्ट वाढल्यास बल्बचे आयुष्य झपाट्याने कमी होते. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज झालेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट, आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान आकडा दिसावा. तो १५ च्या वर जात असेल आणि बल्ब वारंवार जात असतील, तर चार्जिंगचे नियंत्रण बिघडलेले आहे. तो १३ पर्यंतही चढत नसेल, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहावा.

फ्यूज वारंवार उडत असल्यास

उघडी पडलेली तार सांगाड्याला लागली की वीज बल्बपर्यंत न जाता मधूनच परतते. यालाच शॉर्ट होणे म्हणतात. पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या तारेचे रबरी कडे निघालेले असणे, तार गरम सायलेन्सरला लागणे, बोनेटखाली उंदरांनी आवरण कुरतडणे ही नेहमीची कारणे होत.

दोष शोधताना एकामागून एक फ्यूज जाळीत बसू नये. उडालेला फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांमध्ये २१ वॅटचा बल्ब दोन तारांनी जोडावा आणि त्या गटातील सर्व बल्ब होल्डरमधून काढून ठेवावेत. खटका सुरू केल्यावर मध्ये जोडलेला बल्ब पूर्ण उजळला, तर पुढे शॉर्ट आहे. हा बल्बच प्रवाह दोन अँपिअरच्या आत रोखून धरीत असल्याने तारा जळत नाहीत. आता त्या गटातील जोड एकेक करून सोडावेत व तारा हलवून पाहाव्यात. ज्या जोडाला सोडताच बल्ब विझतो, त्याच्या पलीकडच्या भागात दोष असतो. ट्रॉलीची केबल काढताच बल्ब विझला, तर ट्रॅक्टर निर्दोष असून दोष ट्रॉलीत आहे, हे दोन मिनिटांत ठरते.

इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा

इंडिकेटरचा ठेका बदलणे ही एक सूचनाच असते. एका बाजूचा ठेका एकाएकी जलद झाला, तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेला असण्याचा संभव असतो. जुन्या प्रकारच्या, उष्णतेवर चालणाऱ्या फ्लॅशरमध्ये मात्र बल्ब गेल्यास ठेका मंदावतो किंवा दिवा न लुकलुकता तसाच राहतो. दोन्ही बाजू बंद असल्यास फ्यूज व फ्लॅशर पाहावेत. फ्लॅशर किती वॅटसाठी आहे हे त्यावर लिहिलेले असते. ट्रॉली जोडल्यावर प्रत्येक बाजूला २१ वॅटचा आणखी एक बल्ब वाढतो, हे ध्यानात घेऊनच तो निवडावा.

ब्रेकचे सर्व दिवे बंद असल्यास फ्यूजनंतर पायाजवळील ब्रेकचा खटका पाहावा. त्याच्या दोन तारा सोडून क्षणभर एकमेकींना जोडल्यावर दिवे लागले, तर दोष खटक्यात आहे. ब्रेक न दाबताही दिवा सतत लागत असेल, तर खटक्याची बैठक सरकलेली असते. अशा गाडीच्या मागून येणाऱ्यास ब्रेक केव्हा लागला हे कळत नाही.

ट्रॉलीची विशेष काळजी

ट्रॉलीचे दिवे ट्रॅक्टरकडून केबलने वीज घेतात आणि जोडणीसाठी बहुधा सात पिनांचे सॉकेट असते. प्रचलित आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार त्यातील तिसरी पिन अर्थची असते. पुष्कळ ट्रॉल्यांत ही तार जोडलेलीच नसते आणि परतीचा सारा भार ट्रॅक्टर व ट्रॉली यांना जोडणाऱ्या लोखंडी पिनेवर टाकलेला असतो. ती पिन गंजलेली, ग्रीसने माखलेली आणि सतत हलणारी असल्याने दिवे खड्ड्यागणिक लागतात व विझतात. यावर एकच उपाय आहे. अर्थची स्वतंत्र तार केबलमधून घेऊन ट्रॉलीच्या प्रत्येक दिव्यापर्यंत न्यावी.

केबल वळणावर ताणली जाणार नाही इतकी सैल, पण रस्त्याला घासणार नाही इतकी आखूड ठेवावी. ट्रॉली सोडल्यावर सॉकेटचे झाकण लावावे आणि केबलचे टोक चिखलात लोळू देऊ नये. भरलेल्या ट्रॉलीतून बाहेर आलेल्या मोळ्यांची टोके दिव्यांवर लोंबत असतील, तर चालू दिवाही नसल्यासारखाच होतो. म्हणून भरणी झाल्यावर मागे जाऊन पाहणे अगत्याचे आहे.

दिवा केव्हाही दगा देऊ शकतो. यास्तव मागे तांबडे परावर्तक असलेच पाहिजेत. त्यांना वीज लागत नाही. मागून येणाऱ्या गाडीच्या उजेडानेच ते चमकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत दिव्यांबरोबर परावर्तकांचीही तरतूद आहे. मात्र चिखलाने माखलेला परावर्तक निरुपयोगी असतो. ओल्या फडक्याने तो पुसण्यास एक मिनिटही लागत नाही.

दुरुस्ती टिकाऊ असावी

दोन तारा पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळणे ही तात्पुरती सोय होय. पावसाळ्यात अशा जोडात पाणी शिरून कळंक चढतो. जोडासाठी योग्य आकाराचे टोपण पकडीने दाबून बसवावे किंवा डाख द्यावा आणि वर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. तार बदलताना तेवढ्याच जाडीची घ्यावी. बारीक तार तापते. जादा प्रखर दिवे किंवा मोठा भोंगा बसविताना मूळ तारेवर भार टाकू नये. त्यासाठी रिले, स्वतंत्र फ्यूज आणि पुरेशी जाड तार घालावी. समोरच्याचे डोळे दिपविणारे दिवे तर लावूच नयेत.

काही कामे मात्र तज्ज्ञांवरच सोपवावीत. आधुनिक मोटारीतील संगणकीय नियंत्रणाच्या तारांना साधा चाचणी दिवा लावल्यास तो भाग निकामी होऊ शकतो. सुकाणूजवळील पिवळ्या आवरणाच्या तारा सामान्यतः एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावू नये. विजेवर चालणाऱ्या मोटारगाड्यांतील नारिंगी रंगाच्या जाड केबलींत प्राणघातक दाब असतो. त्या कोणत्याही परिस्थितीत सोडू नयेत.

आठवड्याची पाच मिनिटे

एवढे सर्व केले तरी मागचा दिवा चालकाला दिसत नाही, ही अडचण उरतेच. तिच्यावरील उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा, आणि हंगामात रोज संध्याकाळी, एकाने गाडीवर बसून दिवे, इंडिकेटर व ब्रेक लावावेत आणि दुसऱ्याने मागे उभे राहून पाहावे. सोबतीला कोणी नसेल, तर गाडी पांढऱ्या भिंतीजवळ पाठमोरी उभी करून भिंतीवर पडणारा तांबडा उजेड आरशात पाहता येतो. शासकीय वाहनांच्या बाबतीत ही नोंद वाहनाच्या नोंदवहीत करण्याचा प्रघात अधिकाऱ्यांनी पाडल्यास दोष वेळीच उघडकीस येतील.

शिक्षकांनाही हा विषय वर्गात सहज दाखविता येईल. विजेरीचा एक सेल, एक छोटा बल्ब आणि वाटेत एक गंजलेला खिळा एवढेच साहित्य पुरे. गंजावर तार टेकविली की बल्ब लागत नाही. खिळा घासून चकचकीत केला की लागतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेली मुले घरच्या ट्रॉलीचा दिवा बंद दिसल्यास बल्बाबरोबर गंजलेला जोडही पाहतील.

मागचा दिवा दुरुस्त करण्यास लागणारा बल्ब थोड्या पैशांत मिळतो, फ्यूज त्याहून स्वस्त असतो आणि गंज घासण्यास तर काचकागदाचा तुकडाही पुरतो. त्या दिव्याचा लाभ ज्याला होतो, तो बहुधा मालकाच्या ओळखीचा नसतो. पण त्याच रस्त्याने दुसऱ्या कोणाच्या ट्रॉलीमागून मालकाचा मुलगाही मोटारसायकलवरून घरी येत असतो.